नर्सिंगला प्रवेश घेताय? फी भरण्याआधी कॉलेजची मान्यता तपासा. मध्य प्रदेशातल्या मुलांनी मोजली मोठी किंमत

लोहारदा (जि. देवास) : बारावीचा निकाल लागला की लोहारदा, सतवास, कांटाफोड या पट्ट्यातल्या घरांत फोन सुरू होतात. "मुलीला बायोलॉजीत बरे मार्क आहेत ना? मग बी.एससी. नर्सिंगची सीट पक्की करून टाका. इंदूरला होईल, भोपाळला होईल, नाहीतर महाराष्ट्रात बघू." समोरचा माणूस गोड बोलतो, कॉलेजचा रंगीत माहितीपट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि "आज बुकिंगचे पैसे टाकले तर फीमध्ये सूट" असंही सांगतो. घरात चर्चा होते ती फीची, हॉस्टेलची आणि बसभाड्याची. कॉलेजला या वर्षाची मान्यता आहे का, हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. विचारला तरी "सगळं अप्रूव्हड आहे" या उत्तरावर समाधान होतं.

हा प्रश्न न विचारल्याची किंमत किती मोठी असते, हे मध्य प्रदेशानं गेल्या काही वर्षांत पाहिलं आहे. नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेतला घोटाळा उच्च न्यायालयात गेला, सीबीआयकडे गेला आणि त्यात सर्वांत जास्त भरडली गेली ती प्रामाणिकपणे फी भरून बसलेली मुलं. हे प्रकरण नेमकं काय होतं आणि त्यातून धार-देवासच्याच नव्हे, तर जळगाव, नांदेड, बेळगाव, बिदरच्या मराठी पालकांनीही काय घ्यायचं, ते समजून घेऊ.

नेमकं प्रकरण काय?

२०२२ मध्ये लॉ स्टुडंट्स असोसिएशनच्या जनहित याचिकेवर जबलपूरच्या उच्च न्यायालयात सुनावणी सुरू झाली. राज्यातल्या कितीतरी नर्सिंग कॉलेजांना इमारत, शिक्षक, प्रयोगशाळा आणि रुग्णालय नसताना मान्यता दिली गेली, असा आरोप होता. एकाच शिक्षकाचं नाव एकाच वेळी अनेक कॉलेजांच्या यादीत असल्याच्याही तक्रारी होत्या. ग्वाल्हेर खंडपीठापुढेही अशीच प्रकरणं चालू होती. तिथून काही कॉलेजांचा तपास सीबीआयकडे गेला आणि पुढे तो राज्यभराच्या कॉलेजांपर्यंत वाढला.

याच काळात आणखी एक गोष्ट समोर आली. जबलपूरच्या मध्य प्रदेश आयुर्विज्ञान विद्यापीठानं काही कॉलेजांना मागच्या शैक्षणिक वर्षांची संलग्नता नंतर, म्हणजे मागच्या तारखेचा परिणाम धरून दिली होती. मुलं आधीच वर्गात बसलेली आणि विद्यापीठाचा कागद मागाहून आलेला, असा हा उलटा कारभार. फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्वाल्हेर खंडपीठानं नर्सिंगच्या परीक्षांना स्थगिती दिली.

सीबीआयनं ३०८ कॉलेजांचा अहवाल दिला. त्यात १६९ कॉलेजं योग्य ठरली. सत्तरहून अधिक ठिकाणी त्रुटी सापडल्या आणि ६५ च्या आसपास कॉलेजं थेट अपात्र ठरली. मे २०२४ मध्ये राज्य सरकारनं ६६ कॉलेजं बंद करण्याचे आदेश काढले. हे कमी होतं म्हणून की काय, त्याच महिन्यात सीबीआयनं आपल्याच तपास पथकातल्या अधिकाऱ्याला लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक केली. कॉलेज योग्य असल्याचा अहवाल देण्यासाठी पैसे घेतले जात होते, असा तो आरोप. मग उच्च न्यायालयानं योग्य ठरलेल्या १६९ कॉलेजांचीही पुन्हा तपासणी करायला सांगितलं. यावेळी न्यायिक अधिकारी सोबत ठेवून आणि व्हिडिओ चित्रीकरण करून.

मुलांचं काय झालं?

बी.एससी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. २०२०-२१ ला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींचं शिक्षण २०२४ मध्ये संपायला हवं होतं. प्रत्यक्षात त्यातल्या कितीतरी जणांच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षाच तोवर अडकून पडल्या होत्या. फी गेली, हॉस्टेलचं भाडं गेलं, वय पुढे सरकलं. काहींनी कर्ज काढलेलं, काहींच्या घरी लग्नाचा तगादा. पुढे न्यायालयानं अपात्र कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनाही परीक्षेला बसण्याचा दिलासा दिला, कारण चूक मुलांची नव्हती. पण गेलेली वर्षं कोणत्याही आदेशानं परत येत नाहीत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. यातली बरीच कॉलेजं काही गल्लीतली पाटी लावलेली बनावट दुकानं नव्हती. त्यांच्याकडे कुठला ना कुठला सरकारी कागद होता. म्हणून "कागद आहे का?" एवढं विचारून भागत नाही. कागद कोणाचा आहे, कोणत्या वर्षाचा आहे आणि तो खरोखरच्या रुग्णालयाशी जुळतो का, हे तीनही प्रश्न विचारावे लागतात.

मान्यता म्हणजे एक शिक्का नव्हे

कॉलेजवाले "मान्यताप्राप्त" हा एकच शब्द वापरतात. प्रत्यक्षात त्यामागे वेगवेगळ्या संस्था आणि वेगवेगळे कागद असतात.

पहिला, राज्याच्या नर्सिंग परिषदेची मान्यता. मध्य प्रदेशात हे काम मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलकडे आहे, भोपाळला. महाराष्ट्रात महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, कर्नाटकात कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिल, गोव्यात गोवा नर्सिंग कौन्सिल. शिक्षण संपल्यावर नर्स म्हणून नोंदणीही याच परिषदेकडे होते. नोंदणी नसेल तर पदवीचा कागद हातात असूनही अधिकृतपणे नर्स म्हणून काम करता येत नाही.

दुसरा, विद्यापीठाची संलग्नता. परीक्षा घेणार आणि पदवी देणार ते विद्यापीठ. महाराष्ट्रात नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, कर्नाटकात बेंगळुरूचं राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ, तेलंगणात वारंगळचं काळोजी नारायणराव आरोग्य विज्ञान विद्यापीठ. खासगी आणि अभिमत विद्यापीठं आपल्या परीक्षा स्वतः घेतात, पण म्हणून नर्सिंग परिषदेची मान्यता त्यांना माफ होत नाही.

तिसरा, भारतीय नर्सिंग परिषद. १९४७ च्या कायद्यानं बनलेली ही देशपातळीवरची संस्था अभ्यासक्रम आणि किमान निकष ठरवते आणि पात्र संस्थांची यादी प्रसिद्ध करते. इथे सीमाभागातल्या पालकांना माहीत असावी अशी एक कायदेशीर गुंतागुंत आहे. ही परिषद पदवीला मान्यता देऊ शकते, पण कॉलेजला मान्यता देण्याचा अधिकार तिला कायद्यात नाही, असा निकाल कर्नाटक उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये दिला. त्यामुळे एखादं कॉलेज राज्य परिषदेच्या यादीत असतं आणि राष्ट्रीय परिषदेच्या यादीत दिसत नाही, असं होऊ शकतं. कॉलेज बेकायदा आहे, असा त्याचा लगेच अर्थ होत नाही. पण पुढे दुसऱ्या राज्यात नोंदणी करायची, बँकेचं कर्ज काढायचं किंवा परदेशी जायचं असेल, तर तिथे कोणती यादी मागतात हे आधीच विचारून ठेवावं. दोन्ही याद्यांत नाव असलेलं कॉलेज मिळत असेल तर तेच घ्यावं, हा सरळ हिशेब.

चौथा, नॅकचं मूल्यांकन. १९९४ मध्ये स्थापन झालेली बेंगळुरूची ही संस्था उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करते. नॅकची श्रेणी चांगली असेल तर आनंद आहे, पण ती नर्सिंग परिषदेच्या मान्यतेची जागा घेऊ शकत नाही. आणि आयएसओ प्रमाणपत्राचा तर या सगळ्याशी काही संबंधच नाही. जाहिरातीत तेच सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेलं असेल, तर पालकांनी जरा सावध व्हावं.

अजून एक. १९४७ च्या कायद्याच्या जागी आणायचा राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोग कायदा २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाला आहे. नव्या व्यवस्थेत राष्ट्रीय आयोग आणि राज्य आयोग असणार आहेत. त्यामुळे पुढच्या काळात संस्थांची नावं बदललेली दिसू शकतात. नाव बदललं तरी पालकांनी विचारायचे प्रश्न तेच राहतात.

सर्वांत महत्त्वाचं : वर्ष कोणतं?

मध्य प्रदेशच्या प्रकरणाचा खरा धडा इथे आहे. नर्सिंग कॉलेजची मान्यता एकदा मिळाली की कायमची, असं नसतं. तिचं नूतनीकरण करावं लागतं आणि किती जागा भरायच्या तेही ठरलेलं असतं. ऑफिसात फ्रेम करून लावलेलं पत्र पाच वर्षांपूर्वीचं असू शकतं. "या वर्षीची फाइल गेलीय, पत्र येईलच" हे वाक्य ऐकलं की पालकांनी पैसे खिशातच ठेवावेत. पत्र आल्यावर फी भरता येते. फी भरल्यावर पत्र येईल याची हमी कोणीच देत नाही.

तपासायचं कसं? कॉलेजनं दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नये. राज्य परिषदेच्या आणि विद्यापीठाच्या वेबसाइटवर त्या शैक्षणिक वर्षाची यादी उघडावी. त्यात कॉलेजचं पूर्ण नाव, संस्थेचं किंवा ट्रस्टचं नाव, पत्ता आणि मंजूर जागा या चार गोष्टी जुळतात का ते पाहावं. सारख्या नावाची दोन कॉलेजं असतात, एका शहरातलं मान्य आणि दुसऱ्या शहरातली "शाखा" अमान्य, असंही असू शकतं. मंजूर जागा ६० असतील आणि वर्गात शंभर मुलं बसवली असतील, तर जास्तीच्या मुलांची नावं विद्यापीठात नोंदली जाणार कशी? नेट चालवायला जमत नसेल तर गावातल्या ऑनलाइन केंद्रावर किंवा शाळेतल्या सरांकडून हे काम पंधरा मिनिटांत होतं.

प्रवेशाचा रस्ताही पाहावा. महाराष्ट्रात बी.एससी. नर्सिंगसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा आहे. मध्य प्रदेशात सरकारी नर्सिंग कॉलेजांसाठी कर्मचारी निवड मंडळ परीक्षा घेतं. "परीक्षेची गरज नाही, डायरेक्ट करून देतो" असं कोणी म्हणालं, तर तो प्रवेश नंतर विद्यापीठ मान्य करतं का, हे त्याच्याकडून नाही, विद्यापीठाकडून विचारून घ्यावं.

कागदानंतर वॉर्ड

निकष एवढे कडक का ठेवले आहेत, असा प्रश्न पडू शकतो. नर्सिंग हा वहीतून शिकायचा विषय नाही. सलाइन लावणं, बाळंतपण हाताळणं, आयसीयूतल्या मॉनिटरवरचा बदल वेळेत ओळखणं, हे रुग्णाजवळ उभं राहूनच येतं. म्हणून भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषांत पदवी अभ्यासक्रमासाठी १०० खाटांचं स्वतःचं रुग्णालय, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण, असं प्रमाण धरलेलं आहे.

आता साधा हिशेब करा. ६० जणांची एक तुकडी एकाच वेळी वॉर्डात उतरली तर १८० रुग्ण लागतात. आणि कॉलेजात तुकड्या असतात चार. ज्या रुग्णालयात वीस खाटा आणि त्यातल्या पंधरा रिकाम्या, तिथे ही मुलं शिकणार काय? पुतळ्यावर इंजेक्शन देऊन चार वर्षं काढलेली नर्स उद्या आपल्याच गावच्या आरोग्य केंद्रात रात्रपाळीला एकटी असणार आहे. मान्यतेचा प्रश्न फक्त तिच्या नोकरीचा नाही. तिच्या हाती सोपवलेल्या रुग्णाचाही आहे.

त्यामुळे प्रवेशाआधी एक दिवस काढून कॉलेज पाहून यावं आणि कॉलेजपेक्षाही जास्त वेळ त्याच्या रुग्णालयात घालवावा. सकाळी जावं. ओपीडीत रांग आहे का, वॉर्डात रुग्ण आहेत का, प्रसूती विभाग चालू आहे का, गणवेशातल्या विद्यार्थिनी काम करताना दिसतात का, हे डोळ्यांनी दिसतं. शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलींना बाजूला घेऊन विचारावं : परीक्षा वेळेवर होतात का? वॉर्ड ड्यूटी कुठे लागते? मागच्या बॅचची कौन्सिलमध्ये नोंदणी झाली का? माहितीपुस्तिकेत नसलेलं बरंच काही या पाच मिनिटांत कळतं.

"नॉन-अटेंडिंग"चा धंदा हा यातलाच प्रकार. घरी बसून पदवी मिळेल, फक्त परीक्षेला या, असं सांगणारे एजंट सगळ्या राज्यांत भेटतात. परिषदेच्या नियमात परीक्षेला बसण्यासाठी थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीला ८० टक्के हजेरी लागते. पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. म्हणजे नॉन-अटेंडिंगची पदवी खोट्या हजेरीपटावरच उभी असते. ती पकडली गेली तर एजंट फोन उचलत नाही, नाव जातं ते मुलीचं.

राज्य ओलांडताना

धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थानं. इथल्या कितीतरी मराठी घरांचे नातेवाईक खानदेशात, विदर्भात, पुण्यात आहेत. त्यामुळे मुलगी मामाकडे राहून नाशिकला शिकेल, असा विचार सहज होतो. तो चांगलाच आहे, पण दोन गोष्टी आधी पाहाव्यात.

एक, घरात मराठी बोलतात म्हणून महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातली जागा मिळत नाही. ती अधिवास आणि शिक्षण कुठे झालं यावर ठरते. महाराष्ट्र-कर्नाटक वादातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं काही अभ्यासक्रमांत वेगळी सोय ठेवली आहे, पण ती मध्य प्रदेशातल्या मराठी कुटुंबांना लागू होत नाही. त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचूनच अर्ज भरावा.

दोन, शिकलं एका राज्यात आणि नोकरी दुसऱ्या राज्यात, तर नोंदणी हलवावी लागते. ज्या राज्यात शिक्षण झालं तिथल्या परिषदेत आधी नोंदणी, मग तिथलं ना-हरकत पत्र आणि नंतर दुसऱ्या राज्याच्या परिषदेत नोंदणी, असा हा प्रवास. या प्रवासात कॉलेजची मान्यता पुन्हा तपासली जाते. एम्सच्या नर्सिंग अधिकारी भरतीतही परिषदेच्या मान्यतेच्या संस्थेतली पदवी आणि नोंदणी या अटी आहेत. आखाती देशांत जायचं तर पदवी, नोंदणी आणि अनुभव यांची पडताळणी थेट मूळ संस्थेकडून करून घेतात. तेव्हा कॉलेज बंद पडलेलं किंवा अपात्र ठरलेलं निघालं, तर उत्तर द्यायला समोर कोणीच नसतं.

फी भरण्याआधी एवढं करा

- त्याच शैक्षणिक वर्षाच्या यादीत कॉलेजचं नाव राज्य परिषद आणि विद्यापीठ, दोन्हीकडे पाहा. पानाची प्रिंट तारखेसह काढून ठेवा.
- राष्ट्रीय परिषदेच्या यादीतही नाव शोधा. नसेल तर कारण लेखी मागा.
- संलग्न रुग्णालय स्वतः जाऊन पाहा.
- फी चेकनं किंवा ऑनलाइन, थेट कॉलेजच्या खात्यात भरा. एजंटच्या हातात रोख देऊ नका. प्रत्येक पैशाची पावती घ्या.
- दहावी-बारावीची मूळ गुणपत्रिका कॉलेजकडे ठेवून येऊ नका. मूळ कागद तपासून परत द्यायचे, असं यूजीसीनं २०१८ मध्ये बजावलेलं आहे. मूळ कागद अडकले की कॉलेज सोडताही येत नाही.
- प्रवेशानंतर काही महिन्यांत विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक मिळाला का, ते विचारा. तो मिळत नसेल तर पहिली परीक्षा येईपर्यंत थांबू नका.

आधीच अडकलेल्यांनी काय करावं?

ज्यांचा प्रवेश होऊन गेला आहे आणि आता शंका येते आहे, त्यांनी गप्प बसू नये. पावत्या, ओळखपत्र, हजेरीची नोंद, कॉलेजचे मेसेज असं सगळं जपून ठेवावं. विद्यापीठाकडे आणि राज्य परिषदेकडे लेखी अर्ज देऊन आपली नोंदणी झाली आहे का, हे विचारावं. अर्जाची पोच घ्यावी. उत्तर येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. एकट्यानं न करता वर्गातल्या सगळ्यांनी मिळून केलं तर त्याला वजन येतं. मध्य प्रदेशात हे प्रकरण बाहेर आलं तेही विद्यार्थ्यांच्या एका संघटनेनं न्यायालयाचं दार वाजवलं म्हणूनच.

कॉलेज खराब निघालं तर लगेच दुसऱ्या कॉलेजात बदली होईल, या भरवशावर राहू नये. मधल्या वर्षातली बदली नियमांत बसावी लागते आणि तिला वेळ लागतो. म्हणून तपासणी आधीच करायची.

नर्सिंग हा चांगला पेशा आहे. गावात काम मिळतं, शहरात मिळतं आणि परदेशातही मागणी आहे. लोहारद्याच्या मुलीनं इंदूरला, नाशिकला किंवा आणखी लांब जाऊन नर्स व्हावं, यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त बुकिंगचे पैसे टाका म्हणून फोन आला, की पहिला प्रश्न फीचा न विचारता हा विचारावा : "या वर्षीच्या यादीत तुमचं नाव कुठे आहे?" ज्याचं कॉलेज खरं आहे तो यादीचा नंबर सांगेल. जो चिडेल किंवा विषय बदलेल, त्याचा फोन ठेवून द्यावा.